सात तारखेचा खंड्या

शुक्रवार, २८ सप्टेंबर २००७. दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना खारबावच्या खाडीकडची उघाडी वाहून गेली.

उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार. दोन खांब आणि त्यांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या सात फळ्या. फळ्या उचलल्या की शेतातलं जादा पाणी खाडीत जातं, खाली सोडल्या की खाडीचं खारं पाणी बाहेरच राहतं. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते आणि उधाण भरात होतं. पाणी शिरलं तेव्हा भाताला लोंब्या आल्या होत्या. एकतीस घरांचं पीक खारं झालं. खांब, फळ्या, साखळी, सगळं खाडीत गेलं. नंतर दोन दिवस होड्या फिरल्या, पण काहीच सापडलं नाही.

उघाडीची राखण दाजी भोईर यांच्याकडे होती. वय एकोणसत्तर, बावीस वर्षं हेच काम. ते म्हणाले, फळ्या मी बुधवारीच खाली सोडल्या, बांधच खेकड्यांनी पोखरला होता. बांध कमिटीचा सेक्रेटरी भावेश पाटील म्हणाला की फळ्या सोडल्याच नव्हत्या. त्याच्याकडे एक कारण होतं. गुरुवारी सकाळी दाजींना गणेशपुरीच्या एसटीत बसताना त्याने स्वतः पाहिलं होतं. गुडघ्यासाठी ते गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते आणि परतले शुक्रवारी संध्याकाळी, उघाडी गेल्यावर. फळ्या नव्हत्या असं ठरलं, तर बावीस वर्षांची राखण त्यांच्याकडून जाणार होती आणि एकतीस घरांचा दोष त्यांच्या नावावर राहणार होता.

केसरीनाथ तरे यांनी सांगितलं की त्यांच्याकडे त्याच शुक्रवारी सकाळचा फोटो आहे.

केसरीनाथ भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. लूमला शुक्रवारी सुट्टी. गेली दोन वर्षं ते दर शुक्रवारी सकाळी कॅमेरा घेऊन खाडीवर जातात. कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा, पेन्सिल सेलवर चालणारा. कार्ड एकच, म्हणून संध्याकाळी फोटो संगणकात उतरवायचे आणि कार्ड पुसून पुढच्या शुक्रवारसाठी मोकळं करायचं. हौस पक्ष्यांची, त्यातही खंड्याची. निळ्या पाठीचा, लाल चोचीचा हा पक्षी उघाडीच्या डाव्या खांबावर बसतो, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. ज्या फोटोबद्दल ते बोलत होते, त्यात खंड्या त्याच खांबावर बसलेला आहे आणि खाली सातही फळ्या दिसतात.

रविवारी, ७ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता गावदेवीच्या देवळात कमिटी बसली. केसरीनाथांनी फोटोचा प्रिंट आणला होता. तो हातोहात फिरला आणि पक्षी छान आलाय, असं दोघातिघांनी म्हटलं. भावेशने विचारलं, ही अठ्ठावीस तारीख कशावरून? केसरीनाथ म्हणाले, संगणकात बघा. देवळापासून घर चार मिनिटांवर. सहाजण घरी आले. भावेशने माउसचं उजवं बटण दाबून फाइलची माहिती काढली. त्यात तारीख होती ७ सप्टेंबर २००७, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

"केसरीदादा, तुझा खंड्या एकवीस दिवस आधी येऊन बसलेला काय?" भावेश म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

"संगणकाचं घड्याळ मागे हाय," केसरीनाथ म्हणाले.

"आपोआप गेलं मागे?"

"मीच नेलं."

"कशाला?"

केसरीनाथांनी कारण सांगितलं. ते ऐकून सगळेच हसले, भावेश सोडून. त्याचं एक एकर भात गेलं होतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मामेसासरा हाय तुझा. आम्हाला समजतंय." दाजी हे केसरीनाथांच्या बायकोचे, कमळचे, सख्खे मामा.

कारण असं होतं.

जुलैपासून केसरीनाथ फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर निवडत होते. त्यासाठी त्यांनी कारखान्याची एक जुनी शिफ्टवही घेतली होती. उभे रकाने आखून वर लिहिलं होतं: किंमत, तिरपा फोटो सरळ होतो का, रंग, डाग जातात का, मशीन अडकतं का. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

पहिला पर्याय भिवंडीत कुठेही मिळत होता. जगभर नावाजलेलं मोठं सॉफ्टवेअर पन्नास रुपयांच्या सीडीवर. सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं आणि सोबत चिठ्ठीवर आकड्यांची चावी. कारखान्यातल्या मेस्त्रीने ती त्यांच्या हातात ठेवली होती. "अरे सेठ, पूरा हिंदुस्तान यही चलाता है," तो म्हणाला होता. केसरीनाथांनी ती परत केली. वहीत शेरा आहे: "कुलूप तोडलेली सायकल. शिवाय मशीन अडकेल." त्यांच्या संगणकाची रॅम १२८ एमबी होती, तेव्हा दुसरं वाक्यही बरोबरच होतं.

दुसरं सॉफ्टवेअर मासिकाबरोबर आलेल्या सीडीत होतं, फुकट. नाव फोटोपेटी. रंगाला सहा मार्क, सरळ करण्याला सात. डाग पुसण्याची सोय नाही, म्हणून तिथे शून्य. मेलवर पाठवण्यासाठी फोटो लहान करून देतं, हा गुण वेगळा नोंदवलेला.

तिसरं क्लिअरशॉट. तीस दिवस फुकट, मग अठराशे रुपये. त्यात डाग पुसण्याचा ब्रश होता आणि त्यासाठी केसरीनाथांनी दहापैकी दहा दिले होते. पूर्ण वहीत दहा मार्क फक्त या एकाच ठिकाणी आहेत. १२ ऑगस्टला त्यांनी ते संगणकात घातलं आणि ११ सप्टेंबरला मुदत संपली. अठराशे रुपये द्यायचे की नाहीत, हे त्यांना अजून दोनेक फोटोंवर तपासायचं होतं. कारखान्यात संगणकावर डिझाइन काढणाऱ्या एका पंचिंग ऑपरेटरने युक्ती सांगितली की घड्याळ मागे न्या, त्याला कळत नाही. केसरीनाथांनी ती केली. चोरीची सीडी नाकारणाऱ्या माणसाला हे कसं चाललं, असं कमळने नंतर विचारलं. ते म्हणाले, "ती चोरी होती. ही मुदतवाढ."

प्रश्न खरं तर इथेच सुटायला हवा होता. घड्याळ तीन आठवडे मागे होतं. सात सप्टेंबरमध्ये तीन आठवडे मिळवले की अठ्ठावीस येतात. रविवारी संध्याकाळी केसरीनाथांनी हे मुलीला, ऋतिकाला, समजावलं. ऋतिका बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ऐकून घेतलं आणि शिफ्टवही मागितली.

"पप्पा, घड्याळ एकदाच मागे नेलंत?"

"हो. म्हणजे, दोनदा."

वहीत दोन्ही वेळा नोंद होती. ११ सप्टेंबर: "घड्याळ ७ दिवस मागे." १८ सप्टेंबर, मुदत पुन्हा संपली तेव्हा: "आणखी १४."

ऋतिकाने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. अठरा तारखेपर्यंत संगणक सात दिवस मागे होता, त्यानंतर एकवीस. त्यामुळे २८ सप्टेंबरचं काम संगणकाने ७ तारखेचं म्हणून ठेवलं असतं. पण १४ सप्टेंबरचं कामही त्याने ७ तारखेचंच ठेवलं असतं. चौदा तारीखही शुक्रवार होती.

"चौदाला मी खाडीवर न्हवतोच," केसरीनाथ म्हणाले. "गणपतीचा आदला दिवस."

स्वयंपाकघरातून कमळ बाहेर आली. "न्हवतात कसे? मखराचं थर्माकोल आणायला धाडलेलं तुमाला. दोन तासांनी आलात, चिखलाचे पाय घेऊन. थर्माकोल न्हाय, नि कॅमेरा गळ्यात."

"तू तुझ्या मामाच्या बाजूची हायस का भावेशच्या?"

"मी थर्माकोलच्या बाजूची हाय," कमळ म्हणाली.

केसरीनाथांनी वहीतलं गणित पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी मुलीला खरं ते सांगितलं. दोन्ही शुक्रवारी खंड्या त्याच खांबावर होता. दोन्ही वेळा त्यांनी फोटो काढले, चांगला तेवढा ठेवला, बाकीचे पुसले. हा अठ्ठावीसचा, असं त्यांना वाटतं. शपथेवर विचारलं तर वाटतं एवढंच सांगता येईल.

ऋतिकाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात स्वतःच्या घड्याळाची तारीख लिहून ठेवतो. संगणकाचं घड्याळ कुठेही न्या, पोटातली तारीख बदलत नाही. तिने ती शोधली. ती जागा रिकामी होती. मग तिने अंगणातल्या तुळशीचा एक फोटो काढला, संगणकात उतरवला आणि तारीख पाहिली. ती होती. मुदत पुन्हा संपली होती, म्हणून घड्याळ आणखी थोडं मागे नेऊन तोच फोटो क्लिअरशॉटमध्ये उघडला आणि काहीही न बदलता सेव्ह केला. तारीख गेली. फोटोपेटीत लहान करून पाहिला. तिथेही गेली. तिने वहीत बापाच्या रकान्यांशेजारी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: "पोटातली तारीख ठेवतं का?" दोघांसमोर शून्य.

"हे मी बघितलंच न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

"कुणीच बघत नाही, पप्पा."

सोमवारी संध्याकाळी दाजी घरी आले. पडवीत बसले, पाणी प्यायले, गुडघा चोळला. ऋतिकाने त्यांना संगणकासमोर बसवून फोटो पडद्यावर मोठा केला. दाजींनी पक्ष्याकडे पाहिलंही नाही. फळ्यांच्या खाली, खांबाच्या बुडाशी दिसणाऱ्या चिखलावर आणि तिथे चिकटलेल्या शिंपल्यांवर बोट ठेवलं.

"यो चिखल उधाणाचा हाय. ती कालवं दिसतात, तिसरी रांग? ती उधाणाच्या सुकतीलाच उघडी पडतात. भांगाला पाणी इतकं मागं जात न्हाय."

ऋतिकाने कालनिर्णय काढलं. उधाण, म्हणजे मोठी भरती आणि मोठी सुकती (ओहोटी), अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास; भांग, म्हणजे दोन्ही लहान, मधल्या अष्टमीला. सात सप्टेंबरला उधाण अजून लागलंच नव्हतं. म्हणजे संगणकाची तारीख खोटी, हे चिखलावरून सिद्ध झालं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी बरं वाटून हसलं. मग तिने त्याच पानावर बोट पुढे सरकवलं. अमावास्या अकरा सप्टेंबरला होती. चौदाला तीन दिवस झालेले. उधाणच.

"म्हणजे चौदालाही हीच कालवं दिसणार, आजोबा?"

"दिसणार," दाजी म्हणाले. "कालवं कुठं जातात?"

मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि या वेळी बराच वेळ पाहिलं.

"जावई, माज्या रेघा कुठं गेल्या?"

ही रेघांची गोष्ट तोवर कमिटीतल्या कुणी काढली नव्हती, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक होती आणि म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. लावणी झाल्यावर प्रत्येक उधाणाला दाजी फळ्या सोडतात आणि सोडून झाल्या की डाव्या खांबाच्या डोक्याशी होडीच्या पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढतात. त्यांच्याआधी त्यांचा बाप ओढायचा. कापणी झाली की खांब खरवडायचा. यंदाचं पहिलं उधाण जुलैच्या अमावास्येचं. ऋतिकाने कालनिर्णयावर मोजलं. चौदा सप्टेंबरपर्यंत पाच रेघा, बुधवारी सव्वीसला सहावी. फोटोत सहा रेघा असतील तर तो अठ्ठावीसचा, पाच असतील तर चौदाचा.

पडद्यावरच्या फोटोत एकही रेघ नव्हती. खांब डोक्यापासून बुडापर्यंत एकसारखा तपकिरी होता.

केसरीनाथ खुर्चीवरून उठले आणि परत बसले.

"मी पुसल्या," ते म्हणाले.

"कशानं?"

"ब्रशनं. डाग म्हणून." त्यांनी शिफ्टवहीतला रकाना दाखवला. डाग जातात का: दहापैकी दहा. चाचणी याच फोटोवर झाली होती. पक्ष्याच्या पायाशी पांढरे पट्टे होते, ते नजरेला खुपत होते, आणि ब्रश तपासायला तसंच काहीतरी हवं होतं. मूळ फाइलवरच सेव्ह झालं. कार्ड त्याच संध्याकाळी पुसलेलं.

दाजी पडद्याच्या अगदी जवळ गेले. "लय साफ काम केलंस," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की कौतुक, ते घरातल्या कुणालाच ठरवता आलं नाही. एरवी ते केसरीनाथांना तुमी म्हणतात.

मंगळवारी रात्रीचं जेवण झाल्यावर ऋतिकाला "चाचणी" नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फाइल सापडली. केसरीनाथांनी ब्रश चालवण्याआधी हाच फोटो फोटोपेटीत टाकून मेलसाठी लहान करून पाहिला होता. त्यावरही तारीख सातच. फोटो बसच्या तिकिटाएवढा. पण त्यात खांबावर पांढरं काहीतरी होतं.

तिने तो मोठा केला. मोठा केल्यावर त्याचे चौकोन झाले. तिने मोजलं: सहा. केसरीनाथांनी चष्मा लावून मोजलं: सहा. मग चष्मा काढून मोजलं: पाच. कमळ म्हणाली, खालची पाच सारखी आहेत, वरचं एक जरा जाड आहे.

रविवारी, १४ ऑक्टोबरला, कमिटी पुन्हा बसली. केसरीनाथांनी आधी सगळं सांगून टाकलं: घड्याळ दोनदा नेलं, चौदालाही खाडीवर होतो, रेघा मीच पुसल्या. त्यात दाजींच्या फायद्याचं काही नव्हतं. भावेश ऐकत होता. मध्येच म्हणाला, "हे तू न सांगता चाललं असतं."

"चाललं असतं," केसरीनाथ म्हणाले.

लहान फोटोचा प्रिंट भिवंडीच्या लॅबमधून पोस्टकार्डाच्या आकारात करून आणला होता. पाचजणांनी सहा मोजल्या, चौघांनी पाच. दोघांनी मोजायला नकार दिला. शेवटी प्रिंट भावेशकडे आला. तो दारात, उजेडात जाऊन उभा राहिला.

"सहा हायत," तो म्हणाला.

देवळातल्या सगळ्यांनी माना दाराकडे वळवल्या.

"पन सहावी रेघ हाय का?" तो पुढे म्हणाला. "खंड्या बसलाय तिच्यावरच. दोन वर्षं रोज तिथंच बसतो म्हनतोस ना? मग तो काय फक्त बसतोच काय? ही शीट असंल."

हशा झाला आणि या वेळी केसरीनाथही हसले. दाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मी रेघ आडवी ओढतो. पाखराचं खाली ओघळतं." प्रिंट पुन्हा फिरला. त्या जागी आडवं की उभं हे सांगता येईल इतके चौकोनच नव्हते.

कुणीतरी विचारलं, दाजी, तुमी सांगा ना, यंदा किती रेघा ओढल्या? दाजी म्हणाले, "मी ओढतो. मोजीत न्हाय. मोजायचं कशाला? उधाण चुकलंय का माजं कवा?" भावेशने कमिटीची वही पुढे ओढली. निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर टाकला. तोवर राखण कुणाकडेच नाही, नव्या फळ्या कमिटीच्या ताब्यात, असं वहीत लिहिलं. तात्पुरती नवी उघाडी त्याच आठवड्यात बसली.

त्या दिवसापासून केसरीनाथांनी क्लिअरशॉट उघडलेलं नाही. संगणकाचं घड्याळ ऋतिकाने बरोबर लावलं, तशी पडद्यावर मुदत संपल्याची पाटी आली. तिने मासिकांच्या जुन्या सीड्या तपासल्या आणि एक चौथं, फुकटचं सॉफ्टवेअर काढलं. ते मूळ फाइलला हात लावत नाही, प्रत वेगळी ठेवतं, पोटातली तारीख राखतं. डाग पुसणं साधारण, चार मार्क. केसरीनाथांनी सगळी बेरीज केली. बेरजेत क्लिअरशॉट अजून तीन मार्कांनी पुढे होतं. मग ऋतिकाच्या नव्या रकान्याला दहाऐवजी वीस मार्क धरायचे का, यावर बापलेकीत अर्धा तास चर्चा झाली. निष्कर्षाची जागा वहीत कोरी आहे.

शुक्रवारी, २६ ऑक्टोबरला, पौर्णिमा होती. केसरीनाथ सकाळी पावणेआठला खाडीवर पोचले. भावेश बांधावर आधीच उभा होता, फळ्यांची साखळी हातात घेऊन. थोड्या वेळाने गुडघा धरत दाजी आले. भावेशने साखळीचं एक टोक सोडलं, दाजींनी ते धरलं. दोघांनी सातही फळ्या खाली सोडल्या. दाजींनी कनवटीला बांधलेली रंगाची डबी काढली आणि नव्या खांबाच्या डोक्याशी एक आडवी रेघ ओढली.

"ही मोजा," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

केसरीनाथांनी फोटो काढला. सात वाजून बावन्न मिनिटं. खंड्या आला नव्हता. फोटो अजून कार्डावरच आहे, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला नाही. कमिटीची बैठक दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला आहे. लहान फोटोतली सहावी खूण रेघ आहे की नाही, हे अद्याप ठरलेलं नाही.